एकटीनं वाचून दाखव

पालकसभेला येणाऱ्या आईबापांनी मला उभ्या नोकरीत एकच प्रश्न विचारला, ‘बाई, नंबर कितवा?’ कुणी शेतातून तसाच मातीच्या पायांनी आलेला असायचा, कुणी मोंढ्याच्या धान्यबाजारातून इस्त्रीच्या कपड्यात, प्रश्न तोच. ‘आमच्या पोराला वाचता येतं का?’ असं कुणी विचारलं नाही. येतच असणार, त्याशिवाय का चौथीत गेलाय! संपादकांनी मला ‘प्राथमिक शाळेबद्दल पालकांना चार गोष्टी सांगा’ म्हणून कळवलं आहे. चार नाहीत माझ्याकडे. एकच आहे, आणि ती सांगायची तर मला नसरीनबद्दल लिहावं लागेल.

पण आधी धंद्यातली गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कोणत्याही प्राथमिक शाळेवरून जा, आतून एका सुरातला गलका ऐकू येतो. बाई एक ओळ म्हणतात, वर्ग मागून म्हणतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला बरं वाटतं की शाळा चालू आहे. आठ-दहा वेळा म्हटलं की धडा पाठ होतो. मग पोरगं पुस्तक समोर धरून, ओळीखालून बोट फिरवत तो म्हणतं, आणि घरचे म्हणतात, काय घडघडा वाचतो! तो वाचत नसतो. गाणं पाठ असल्यासारखा धडा म्हणत असतो, बोट आपलं सोबतीला.

मुखेडला असताना एक सोयाबीनचा व्यापारी बाजारच्या दिवशी दोन दोस्तांना घेऊन शाळेत आला. पोराचं वाचन त्यांना ऐकवायचं होतं. पोरगं उभं राहिलं आणि सुरू झालं. वाऱ्यानं पान उलटलं, तरी हा मागच्याच पानावरचं म्हणतोय.  बाप मात्र दोस्तांना कोपरानं ढोसून म्हणाला, “बगा, पान न बगता वाचायलाय!” तिघं खूश होऊन चहाला गेले. त्या वेळी मी हसले होते. नंतर मला अशा गोष्टीवर हसता आलं नाही.

अशा मुलांसाठी मी एक युक्ती काढली होती. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्यायचा आणि मधोमध ब्लेडनं एक चौकोन कापायचा, एकच शब्द दिसेल एवढा. पोरं त्याला खिडकी म्हणायची. खिडकी पानावर कुठंही ठेवायची आणि विचारायचं, आत कोण बसलंय? ज्याला वाचता येतं तो सांगतो. ज्याला पाठ असतं त्याचं तोंड उतरतं. दुसरी युक्ती डोळ्यांची. सगळा वर्ग एकदम म्हणत असला की मी आवाज ऐकत नसे, ओठ बघत असे. ज्याला येत नाही त्याचे ओठ इतरांपेक्षा किंचित उशिरा हलतात. तो शेजाऱ्याचा शब्द उचलत असतो. हे एकदा दिसायला लागलं की दिसतच राहतं.

या वाचण्यावरच मी अडून बसायची, त्याला कारण माझे वडील. नांदेडला रेल्वेत गँगमन होते. धम्मदीक्षा घेतल्यावर त्यांनी घरातला देव्हारा काढला आणि त्या जागी पुस्तकांची फळी ठोकली. ड्युटीवरून आले की पेपर उघडून एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचायचे. अडले की थांबायचे, पण अंदाजानं पुढं जायचे नाहीत. आम्ही पोरं कंटाळून जायचो. त्यांना कुणी मागून म्हणायला लावलं नव्हतं, आणि जे वाचलं ते त्यांचं होतं.

नवऱ्याची नोकरी अहमदपूरला, म्हणून मी जिल्हा बदलून त्या तालुक्यातल्या एका मोठ्या गावात आले. लातूरचा भूकंप होऊन तेव्हा दोन-अडीच वर्षंच झाली होती. आमच्या त्या गावात माणसं दगावली नव्हती, पण शाळेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. चार वर्ग आधी लिंबाच्या झाडाखाली बसवले, मग एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये. मधे भिंत नाही. चार वर्ग, चार शिक्षक, एक पत्रा. तिथं एकट्या पोराचा आवाज माझ्यापर्यंत यायचाच नाही. म्हणून सगळेच मास्तर सगळं सगळ्यांकडून एकदम म्हणून घ्यायला लागले. दुसरा इलाज नव्हता, आणि मग हळूहळू दुसरा इलाज शोधायचंही सुटलं.

नसरीन त्या शेडमध्ये चौथीत होती. भूकंपात जी गावं पुरती बसली त्यांतल्या एका गावातली. आई आणि धाकटा भाऊ गेले. ती आणि तिचे वडील, युसूफभाई, तेवढे वाचले. युसूफभाईंनी तिला स्वतःच्या हातांनी दगडमातीखालून काढली होती. बाप-लेक मग आमच्या गावात नसरीनच्या मामाकडे येऊन राहिले. युसूफभाई कपडे शिवायचे; अहमदपूरला बसस्टँडजवळ त्यांनी छोटं दुकान टाकलं होतं. तिच्या जुन्या शाळेचा दगडही जाग्यावर राहिला नव्हता, तिथं दाखला कुठून मिळणार? वय बघून तिला दुसरीत बसवलं. ती पहिलीत किती शिकली, शिकली की नाही, हे कुणी विचारलं नाही. असं काही विचारणं बरं दिसत नव्हतं.

पोरगी गुणी. शेडमध्येसुद्धा कडेला बसायची, बाहेर पळता येईल अशी. घरात बोली दखनी उर्दू, शाळेत मराठी, तरी मराठीचे धडे तिला असे पाठ की ऐकत राहावं. त्या काळात शाळेला पाहुणे फार यायचे. कधी साहेब, कधी पुण्या-मुंबईची माणसं, वह्या-दप्तरं वाटायला. पाहुणे आले की हेडमास्तर हाक मारायचे, “नसरीन, ये बेटा.” ती पुढं येऊन धडा म्हणायची. हेडमास्तर पाहुण्यांच्या कानात तिची हकिगत सांगायचे. पाहुण्यांचे डोळे भरायचे, टाळ्या पडायच्या, कुणीतरी तिला जवळ घ्यायचं. परीक्षेत तिला सगळ्या विषयांत भरभरून मार्क. तोंडी परीक्षेत कोणी तिला थांबवायचं नाही. लेखीच्या वेळी शेजारची मैत्रीण आपला पेपर तिच्याकडं सरकवायची आणि मास्तर दुसरीकडं बघायचे.

मी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिचे ओठ बघितले. धडा पाठ असला की ते सगळ्यांच्या पुढं. नवा धडा काढला की मागं.

दुपारच्या सुट्टीत तिला लिंबाखाली बसवलं. ‘आमचा बाजार’ नावाचा धडा होता. पानाच्या मधल्या एका शब्दावर खिडकी ठेवली. शब्द होता ‘टोपली’.  मग तिनं डोळे मिटले आणि पुटपुटायला लागली. मला आधी कळेना. कान देऊन ऐकलं तर ती धडा पहिल्यापासून म्हणत होती, एकेका शब्दाला एकेक बोट मिटत, खिडकी साधारण कुठं आहे त्याचा अंदाज घेत. तिथपर्यंत आली, डोळे उघडले आणि म्हणाली, “टोपली.”

 एवढी हुशारी त्या पोरीनं कशासाठी खर्च केली होती! वाचायला शिकायला याच्या निम्मी पुरली असती. मी पुस्तकाचं शेवटचं, न शिकवलेलं पान काढलं आणि ‘घर’ या शब्दावर खिडकी ठेवली. कानामात्राही नसलेला शब्द. तिनं माझ्याकडं बघितलं, पुस्तकाकडं बघितलं आणि हळूच विचारलं, “बाई, ह्ये आजून म्हनलं न्हाई ना आपन?”

मी हेडमास्तरांकडे गेले. म्हटलं, हिला एक वर्ष माझ्याकडं द्या. दुसरीच्या पोरांत बसवते, अक्षरापासून सुरू करते. वर्षात वाचती करते. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. भूकंपानंतर पडलेल्या गावांत जाऊन त्यांनी प्रेतं उचलली होती.

“बाई,” ते म्हणाले, “त्या लेकरानं माय घालवली, भाऊ घालवला. तिला मागं बसवायला तुमचा जीव कसा होतो?”

“सर, तिला काहीच वाचता येत नाही.”

“येईल की. मोठी झाली की येतंय. आता तिला हसू द्या.”

सगळ्यांनी तिच्यावर दया केली होती. वह्या वाटणाऱ्यांनी केली, परीक्षा घेणाऱ्यांनी केली, पेपर सरकवणाऱ्या मैत्रिणीनंही केली. तिला वाचायला लावणं तेवढं सगळ्यांना निर्दयपणाचं वाटत होतं. मला त्या दयेचा फार राग यायचा. आजही येतो.

शेवटी मी युसूफभाईंना निरोप धाडला. दुकान बंद करून भरदुपारी आले. गळ्यात टेप तसाच. मुलीच्या कौतुकासाठी बोलावलंय असं त्यांना वाटलं असावं, चेहरा फुललेला होता. मी नसरीनला समोर बसवलं आणि आधी धडा म्हणायला लावला. तिनं घडाघडा म्हटला. युसूफभाई मान डोलावत होते. मग मी न शिकवलेलं पान काढून खिडकी ठेवली. नसरीननं माझ्याकडं बघितलं नाही, बापाकडं बघितलं. मी खिडकी सरकवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं.

“युसूफभाई,” मी म्हटलं, “तिची चूक नाही. ती हुशार आहे. तिला शिकवलंच नाही कुणी. एक वर्ष मागं बसू द्या.”

ते उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

“बाई, मातीखालून काढली मी हिला. अल्लानं एवढं नेलं माझं, आन् तुमी म्हनता आजून एक साल द्या? आता हिला मागं न्यायचं न्हाई. पुढंच न्यायचं. डाक्टर करनार हाय मी हिला.”

पोरीचा हात धरला आणि निघाले. दप्तर शेडमध्येच राहिलं. ते मामाच्या घरी नेऊन द्यावं लागलं. खिडकी मात्र तिच्या मुठीत गेली. मी बरोबर होते, याबद्दल मला कधी शंका आली नाही. पण माझ्या बरोबर असण्याचा त्या पोरीला काडीचा उपयोग झाला नाही.

युसूफभाईंनी अहमदपूरचं दुकान मोडलं आणि लातूरला एका खोलीत बिऱ्हाड केलं. लातुरात तेव्हा क्लासचं पीक आलं होतं. बारावीला बोर्डात चमकलेल्या पोरांचे फोटो चौकाचौकांत, आणि ते बघून खेड्यापाड्यातून लोक पोरं घेऊन येत होते. क्लासवाल्यांनीही ओळखलं की बारावीपर्यंत थांबायची गरज नाही. स्कॉलरशिपचे क्लास निघाले, प्रवेशपरीक्षांचे निघाले, तिसरी-चौथीची लेकरं पहाटे उठून जायला लागली. माणसाची सगळी दुनिया एका पहाटेत जमीनदोस्त झाली असेल, तर त्याला डॉक्टर होण्याचा सरळ रस्ता दाखवणारा क्लासचा असा फलक किती आधाराचा वाटत असेल, हे मला कळतं. युसूफभाईंना मी त्याबद्दल बोल लावत नाही.

मी एका प्रशिक्षणासाठी लातूरला गेले होते. परतताना एका गल्लीतून ओळखीचा गलका कानावर आला, म्हणून थबकले. मंगल कार्यालयाचा हॉल भाड्यानं घेऊन क्लास चालला होता. दारं उघडी. सर माइकवर प्रश्न म्हणायचे आणि पोरं एकदम ओरडून पर्याय सांगायची. प्रश्न अमुक, पर्याय तमुक. भूमितीपासून मराठीपर्यंत सगळं एका सुरात. मधल्या ओळीत नसरीन दिसली. नवी ओढणी, दोन वेण्या, ताठ बसलेली. मी तिचे ओठ बघितले. किंचित मागं होते.

आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये जे नाइलाजानं सुरू झालं, ते इथं शिकवण्याची पद्धत म्हणून लोक धावत येऊन विकत घेत होते. मी दारात उभी राहिले आणि तशीच स्टँडवर आले. आत जाऊन मी सांगणार तरी कुणाला आणि काय?

पुढचं नसरीनच्या मामाकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. परीक्षेत छापलेला प्रश्न स्वतः वाचावा लागतो, तिथं मागून म्हणायला कुणी नसतं. स्कॉलरशिप मिळाली नाही. युसूफभाईंनी क्लास बदलला, मग पुन्हा बदलला. हायस्कुलात गेल्यावर पुस्तकं जाड झाली आणि सगळं पाठ करणं तिच्या आवाक्याबाहेर गेलं. एके दिवशी तिनं दप्तर खाली ठेवलं आणि बापाच्या मशीनशेजारी बसून काजं-बटणं करायला लागली.  नंतर बापानं तिचं लग्न करून दिलं. मामा म्हणाले, “भाईजी कोनापाशी बोलत न्हाईत आता. मशीन बी लई चालवत न्हाईत.”

पुढं नोकरी संपली आणि मी नांदेडला माहेरच्या भागात येऊन राहिले. शाळा सुटली तरी खोड सुटत नाही. गल्लीतलं पोरगं मोठ्यानं अभ्यास करताना ऐकू आलं की मी दारात जाऊन उभी राहते. आता गावोगाव इंग्रजी शाळा आहेत, तिथं इंग्रजीतून मागून म्हणतात, एवढाच फरक. पाठांतर वाईट नाही. पाढे पाठच हवेत, कविता पाठ असावी. पण पाठ असणं आणि वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आईबापांना कुणी सांगत नाही. तुमचं लेकरू दुसरीत आहे का? मग न शिकवलेलं पान काढा. बिस्किटाच्या पुड्यावरचं, दुकानाच्या पाटीवरचं काहीही चालेल. एकट्याला वाचायला लावा. अडला तर रागावू नका. अडला हे कळलं, हेच मोठं काम झालं. आणि शाळेतल्या कुणी बाईंनी ‘याला येत नाही’ म्हणून सांगितलं, तर उठून जाऊ नका. असं सांगणं आम्हालाही जड जातं.

गेल्या वर्षी एका दुपारी दारात बुरखा घातलेली एक बाई उभी राहिली, सोबत दुसरी-तिसरीतली मुलगी. नकाब वर केला तरी मी ओळखलं नाही. तिनं पर्समधून जाड कागदाचा तुकडा काढला. मधे चौकोन, जरा वाकडा कापलेला. मागं लग्नपत्रिकेची सोनेरी अक्षरं.

“तुमची कवाच फाटली बाई,” ती म्हणाली. “ही माझ्या लग्नाच्या कार्डाची केली.”

नसरीनला मी आत घेतलं. पत्ता तिनं मामाकडून मिळवला होता; तिचा नवरा नांदेडातच फळांचा गाडा लावतो. युसूफभाई गेले. शेवटी अंथरुणावर होते तेव्हाही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की आमच्या नसरीनला पाहुण्यांपुढं उभी करायचे, टाळ्या पडायच्या. हे सांगताना ती हसली, मग डोळे पुसायला ओढणीचं टोक शोधलं.

“शाळावाले म्हनतात पोरगी लई हुशार हाय. क्लासवाले बी म्हनतात. मी रोज संध्याकाळी बसवते बाई हिला. खिडकी ठेवते. ही पटपटा बोलते. पन बरोबर बोलली का चूक, मला काय कळतंय?”

तिची मुलगी, आफरीन, माझ्यासमोर येऊन बसली. डोळे आईचेच. मी घरातल्या पेपरवर खिडकी ठेवली. आत ‘पाऊस’ होता.

“पाणी,” ती ठसक्यात म्हणाली.

खिडकी सरकवली. ‘बाजार’.

“बाहेर.”

मी आणखी सरकवली. दर शब्दाला ती लगेच काहीतरी बोलायची. एकदाही अडली नाही. पहिलं अक्षर कुठं कुठं जुळायचं, बाकी सगळं मनानं. रोज संध्याकाळी आईसमोर हे असंच चाललं असणार, आणि आई समाधानानं मान डोलावत असणार. 

मी वर बघितलं. नसरीन खिडकीकडं बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी काही बोलायच्या आधीच तिला कळलं होतं.

“आफरीन, बाहेर झोक्यावर जा जरा,” मी म्हटलं. नसरीननं तिचा हात धरला आणि तिला जाऊ दिलं नाही. तिला शेजारी बसवून घेतलं आणि स्वतःही भिंतीला टेकून नीट मांडी घालून बसली.

“सांगा बाई,” ती म्हणाली. “आब्बांना सांगितलं तसंच सांगा. मी उठून जानार न्हाई.”